‘इथे चालत नाही’ हे कशावरून म्हणायचे?

डेबियन, फेडोरा, जेंटू किंवा फ्रीबीएसडी यांसारख्या प्रणालींमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजसोबत मेंटेनरने लिहिलेली एक छोटी फाइल असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, परवाना, ते कशावर अवलंबून आहे, कसे बिल्ड करायचे, हे सगळे तिच्यात असते. तिथेच आणखी एक नोंद असते आणि तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. हे पॅकेज कोणत्या प्रोसेसर-आर्किटेक्चरसाठी आहे आणि कोणत्यासाठी नाही, हे ती सांगते. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये सुमारे 70,000 पॅकेजेस आहेत आणि अधिकृत आर्किटेक्चर सात. त्यांत इंटेल-एएमडीचे आपल्या परिचयाचे 64 बिटी प्रोसेसर आहेत, आर्मचे तीन प्रकार आहेत, आयबीएमचे पॉवर आणि मेनफ्रेम आहेत, आणि याच आवृत्तीत पहिल्यांदा आलेले रिस्क-फाइव्हही आहे. इतक्या पॅकेजेसचा इतक्या आर्किटेक्चरशी मेळ घालायचा, तर काही जोड्या जुळणार नाहीत हे उघड आहे. न जुळलेल्या जोडीवर ‘इथे चालत नाही’ अशी खूण करणे हा या पुस्तिकेचा विषय आहे. पुढच्या प्रकरणांत वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युशनची रीत तपशिलाने येईल. त्याआधी या खुणेमागचा विचार मांडणे गरजेचे आहे, कारण ती करायला अर्धे मिनिट पुरते, पण एकदा केली की वर्षानुवर्षे तशीच राहते आणि तिचे परिणाम ती करणाऱ्याला कधीच दिसत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. ‘या आर्किटेक्चरवर सपोर्ट नाही’ हे एक विधान आहे, आणि प्रत्येक विधानाप्रमाणे त्यालाही पुरावा लागतो. तो पुरावा खुणेच्या शेजारीच लिहिलेला असावा. व्यवहारात मात्र तीन अगदी वेगळ्या गोष्टी या एकाच खुणेखाली दडपल्या जातात. पहिली, हे पॅकेज या प्रोसेसरवर चालूच शकत नाही, चालण्याला अर्थही नाही. दुसरी, चालते की नाही हे कुणी पाहिलेलेच नाही. तिसरी, प्रयत्न केला होता, अडचण आली, आणि ती सोडवायला कुणी नव्हते. वापरणाऱ्याला तिन्ही वेळा एकच उत्तर मिळते, की पॅकेज उपलब्ध नाही. पण जो पुढे काम करणार आहे त्याच्यासाठी या तिन्हींत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात करण्यासारखे काही नाही. दुसऱ्यात एक दुपार घालवली तर प्रश्न सुटू शकतो. तिसऱ्यात नेमकी कुठे अडचण आली हे कळले, तरच पुढे जाता येते. जी खूण या तिघांना एकाच पोत्यात भरते, ती माहिती देत नाही. होती ती माहिती पुसून टाकते.

हा भेद कागदोपत्री उतरवता येतो, हे जेंटूने फार पूर्वी दाखवून दिले आहे. तिथे प्रत्येक पॅकेजच्या फाइलमध्ये कीवर्ड्सची एक ओळ असते. आर्किटेक्चरचे नुसते नाव लिहिले असेल तर पॅकेज तिथे तपासून स्थिर मानलेले आहे. नावाआधी नागमोडी रेघ असेल तर ते अजून चाचणीत आहे. नावच नसेल तर त्याचा अर्थ चालत नाही असा होत नाही. चालते की नाही ते माहीत नाही, किंवा पुरेशी तपासणी झालेली नाही, एवढाच होतो. आणि नावाआधी वजा चिन्ह असेल तरच ते पॅकेज तिथे चालत नाही हे माहीत आहे, असे समजायचे. म्हणजे न लिहिणे आणि ‘नाही’ लिहिणे यांत तिथे फरक केलेला आहे. फ्रीबीएसडीने दुसऱ्या बाजूने हाच विचार केला. तिथे ‘ब्रोकन’ ही खूण अशा पॅकेजसाठी राखलेली आहे, ज्याची अडचण तात्पुरती आहे असे वाटते. सांगितल्यास बिल्ड करणारी यंत्रे अशी पॅकेजेस पुन्हा बिल्ड करून पाहतात, दोष गेला का ते बघतात. अमुक आर्किटेक्चरसाठी नाहीच, हे सांगायला वेगळी ओळ आहे, आणि तिच्या जोडीला कारण लिहिण्यासाठी आणखी एक. कारणाचे हे शब्द वापरणाऱ्याच्या पडद्यावर जसेच्या तसे उमटतात. दोन प्रकल्पांनी आपापल्या वाटेने एकच गोष्ट शोधून काढली, तेव्हा ती कुणा एकाची लहर म्हणता येत नाही.

ज्या खुणा निःसंशय योग्य आहेत त्यांच्याबद्दल थोडक्यात. इंटेलच्या प्रोसेसरचा मायक्रोकोड भरणारे पॅकेज आर्मच्या यंत्रावर बसवून काही होणार नाही. जुन्या पीसीचे बायोस वाचणारी साधने, आयबीएमच्या मेनफ्रेमवरील डिस्क आणि चॅनेल हाताळणारी साधने, फक्त तयार बायनरी स्वरूपात मिळणारी आणि मूळ कोड हाती नसलेली पॅकेजेस, हे सगळे याच वर्गात येतात. चालताचालता मशीन कोड तयार करणारे कंपायलर थोडे वेगळे. लुआजिटसारख्या प्रकल्पात प्रत्येक आर्किटेक्चरसाठी हाताने लिहिलेला भाग असतो. तो ज्या आर्किटेक्चरसाठी कुणी लिहिलेला नाही, तिथे पॅकेज उभेच राहत नाही. पण इथेही ‘आज नाही’ असे म्हणणे ‘कधीच नाही’ यापेक्षा जास्त खरे आहे. अशा पॅकेजेसची संख्या एकूण साठ्याच्या मानाने थोडी असते. बहुतेक सॉफ्टवेअर सी, सी++, पायथन, जावा अशा भाषांत लिहिलेले असते आणि त्याला प्रोसेसर कोणता याचे तत्त्वतः काही देणेघेणे नसते. तरीही ते एखाद्या आर्किटेक्चरवर मोडते, तेव्हा मोडण्याचे कारण जवळून पाहण्यासारखे असते.

सी भाषेतला ‘चार’ हा एका बाइटचा प्रकार घ्या. तो ऋण संख्या धरतो की नाही, हे भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवून दिलेले नाही. इंटेल-एएमडीवरील लिनक्समध्ये तो ऋण संख्याही धरतो, म्हणजे उणे 128 ते 127. आर्म, पॉवर, मेनफ्रेम आणि रिस्क-फाइव्ह यांच्यावरील लिनक्समध्ये तो 0 ते 255 धरतो. फाइल संपली हे कळवण्यासाठी वाचणारे फंक्शन उणे 1 हा आकडा परत देते. तो आकडा पूर्णांकाच्या प्रकारात ठेवायचा असतो, पण घाईत लिहिणारा तो ‘चार’मध्ये ठेवतो आणि उणे 1 येईपर्यंत वाचत राहा असे सांगतो. आर्मवर उणे 1 चे 255 होतात, तुलना कधीच जुळत नाही आणि प्रोग्रॅम कायमचा फिरत राहतो. बिल्डनंतरची टेस्ट तासन्‌तास अडकून पडते, शेवटी यंत्र ती बंद करते, आणि मेंटेनरकडे निरोप जातो की हे पॅकेज आर्मवर नापास झाले. इथे आर्मला वगळण्याची ओळ लिहिणे सगळ्यात सोपे. पण तोच कोड इंटेलवर काय करतो पाहा. फाइलमध्ये 255 हा बाइट खरोखरच आला, तर तिथे त्याचे उणे 1 होते, आणि फाइल संपली असे समजून प्रोग्रॅम पुढचे सगळे सोडून देतो. कसलीही तक्रार न करता. म्हणजे दोष दोन्हीकडे आहे. आर्मवर तो ओरडून सांगतो, इंटेलवर गप्प बसून माहिती गिळतो.

मराठी वाचकाला या उदाहरणाची दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क’ हे अक्षर 224, 164, 149 अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. तिन्ही 127 च्या वर. इंटेलवरील ‘चार’मध्ये तेच तीन आकडे उणे 32, उणे 92 आणि उणे 107 होतात. अक्षराचा आकडा घेऊन एखाद्या तक्त्यातली तितक्या क्रमांकाची नोंद वाचायची, ही जुन्या प्रोग्रॅममध्ये सर्रास आढळणारी पद्धत आहे. इंग्रजी मजकुराला तिचा काही त्रास होत नाही, कारण इंग्रजीची सगळी अक्षरे 127 च्या आत आहेत. मराठी मजकूर आला की इंटेलवर तक्त्याच्या सुरुवातीच्याही मागची मेमरी वाचली जाते, आणि तिथे काय सापडेल याचा नेम नाही. हाच प्रोग्रॅम, तक्ता 256 नोंदींचा असेल तर, आर्मच्या लिनक्सवर नीट चालतो. इथे ‘जिथे सगळे चालते’ ते आर्किटेक्चरच चुकीचे ठरते, आणि ज्याला वगळायची भाषा होते ते बरोबर. शिवाय अॅपलच्या आर्म प्रोसेसरवरील त्यांच्या स्वतःच्या प्रणालीत ‘चार’ पुन्हा ऋण संख्या धरणारा आहे. म्हणजे प्रोसेसरच्या नावावरून हे ठरतच नाही. ती प्रणाली आणि कंपायलर यांच्यातली ठरलेली गोष्ट आहे. ‘आर्मवर चालत नाही’ असे लिहिणाऱ्याने कारण लिहायला घेतले असते, तर आपले वाक्य खोटे आहे हे त्याच्याच लक्षात आले असते.

म्हणूनच फेडोराचा नियम मला या सगळ्यात सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. तिथे एखाद्या आर्किटेक्चरवर पॅकेज बिल्ड होत नसेल किंवा चालत नसेल, तर ते वगळायला मुभा आहे. अट एवढीच की वगळलेल्या प्रत्येक आर्किटेक्चरसाठी बगझिलामध्ये बग नोंदवायचा, त्यात कारण लिहायचे आणि त्या बगचा क्रमांक वगळण्याच्या ओळीशेजारी टिप्पणीत लिहायचा. दोष दूर कराच, असा आग्रह हा नियम धरत नाही. फक्त दोष आहे हे सांगण्याची सक्ती करतो. पाच वर्षांनी दुसरा कुणी ती फाइल उघडतो, क्रमांक पाहतो, बग वाचतो, आणि त्याला कळते की त्या वेळचा कंपायलर जुना होता किंवा मूळ लेखकाने ती चूक मागेच सुधारली आहे. मग ती ओळ काढायला त्याला धीर येतो. कारण नसलेली ओळ काढायला कुणीच धजावत नाही. कुणीतरी काहीतरी पाहूनच लिहिली असेल, असे प्रत्येकाला वाटते.

नावावरून ठरवण्याचा दुसरा तोटा नवे आर्किटेक्चर येते तेव्हा दिसतो. एखादे पॅकेज फक्त 64 बिटी यंत्रांवर चालते असे समजा. डेबियनच्या फाइलमधील आर्किटेक्चरच्या ओळीत ‘अमुक सोडून सगळे’ असे लिहिण्याची सोय नाही. एक तर ‘सगळे’ म्हणायचे किंवा चालणाऱ्या नावांची यादी द्यायची. मग मेंटेनर त्या दिवशी माहीत असलेली 64 बिटी नावे ओळीने लिहितो. त्या दिवशी ती यादी खरी असते. पण जुलै 2023 मध्ये 64 बिटी रिस्क-फाइव्ह डेबियनचे अधिकृत आर्किटेक्चर झाले, आणि अशी प्रत्येक जुनी यादी त्या क्षणी खोटी ठरली. पॅकेजमध्ये काहीही बिघडलेले नव्हते, यादी लिहिणाऱ्याचीही चूक नव्हती. पण नव्या यंत्रावर बिल्डचा प्रयत्नसुद्धा होत नव्हता, कारण यादीत त्याचे नाव नव्हते. यावर डेबियनमध्ये एक साधा आणि फार समंजस उपाय आला. ‘आर्किटेक्चर 64 बिटी आहे’, ‘लिटल-एंडियन आहे’ अशा अर्थाची नावे असलेली छोटी, रिकामी पॅकेजेस तयार झाली. ती फक्त तो गुण असलेल्या आर्किटेक्चरवरच मिळतात. आपल्या पॅकेजला बिल्डसाठी त्यांची गरज आहे असे लिहिले, की नाव न घेता अट सांगता येते. उद्या येणारे आर्किटेक्चर ती अट पुरी करत असेल तर आपोआप आत येते. इथे खूण आणि कारण एकच झाले आहेत. रिस्क-फाइव्हचे हे उदाहरण आपल्याकडे दूरचे मानण्याचे कारण नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘वेगा’ ही प्रोसेसर-मालिका आणि आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रकल्प, दोन्ही रिस्क-फाइव्हवरच उभे आहेत. इथल्या चिपवर सामान्य लिनक्स किती सहज चालेल, हे जगभरच्या मेंटेनरांनी कधीकाळी लिहून ठेवलेल्या अशा याद्यांवरही अवलंबून आहे.

नाव पुरेसे नसते याचा आणखी एक पुरावा रास्पबेरी पायच्या इतिहासात आहे. 2012 मध्ये आलेला पहिला पाय आर्मच्या सहाव्या पिढीच्या रचनेचा होता. डेबियनच्या त्या वेळच्या हार्ड-फ्लोट आर्म आवृत्तीला सातवी पिढी लागत होती. दोन्हीकडे ‘आर्म’ हाच शब्द, पण पॅकेजेस चालेनात. म्हणून सगळा साठा सहाव्या पिढीसाठी पुन्हा कंपाइल करावा लागला आणि त्यातून रास्पबियन जन्माला आले. अकरा वर्षांनी, 2023 मध्ये पाय 5 आला. त्याचा मूळ कर्नल मेमरीची पाने 16 किलोबाइटची धरतो. पाय 4 वर ती 4 किलोबाइटची होती. दोन्ही 64 बिटी आर्मच. मेमरी वाटून देणारी जेमॅलॉक ही लायब्ररी मात्र पानाचा आकार कंपाइल होतानाच पक्का करते. 4 किलोबाइट धरून बांधलेली प्रत 16 किलोबाइटच्या यंत्रावर सुरू होताच ‘या प्रणालीच्या पानाच्या आकाराला सपोर्ट नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडते, आणि तिच्यावर उभा असलेला डेटाबेस किंवा सर्व्हरही तिच्यासोबत. इथे 64 बिटी आर्मला वगळणे चूक आहे, कारण त्यातली बहुतेक यंत्रे ठीक चालतात. आणि काहीच न सांगणेही चूक, कारण काही यंत्रांवर ते खरोखर मोडते. बरोबर उपाय म्हणजे बांधताना मोठे पान धरणे. तशी प्रत लहान पानांच्या यंत्रावरही चालते. हा उपाय कारण शोधल्यावरच सुचतो.

यावर पहिला आक्षेप स्वयंसेवकांच्या वेळेचा, आणि तो मी हलका मानत नाही. पॅकेजेस सांभाळणारे बहुसंख्य लोक हे काम नोकरी-धंदा सांभाळून करतात. त्यांच्या घरी मेनफ्रेम नसते. जे यंत्र पाहिले नाही, जे वापरणारा माणूसही कधी भेटला नाही, त्याच्यासाठी शनिवार-रविवार का घालवावा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, तो घालवावा असे कुणी म्हणत नाही. मागणी दुरुस्तीची नाही, एका वाक्याची आहे: बिल्डमध्ये ही टेस्ट या तारखेला अडकली, कारण शोधलेले नाही. ‘कारण शोधलेले नाही’ हेसुद्धा प्रामाणिक आणि उपयोगी कारण आहे. ते वाचणाऱ्याला निदान काय माहीत नाही ते कळते. ज्याला शोधायची इच्छा आहे त्याच्यासाठी वाटाही आहेत. डेबियन आपल्या डेव्हलपरांना निरनिराळ्या आर्किटेक्चरची यंत्रे दुरून वापरायला देते, कंपाइल फार्म नावाचा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सर्वांसाठी तशीच यंत्रे खुली ठेवतो, आणि क्यूईएमयूने घरच्या संगणकावर परकीय प्रोसेसरची नक्कल करता येते. प्रत्येक आर्किटेक्चरमागे ते आपलेसे मानणारा पोर्टरांचा एक गट असतो. त्यांच्यापर्यंत निरोप पोचवणे हे मेंटेनरचे काम, पुढचे त्यांचे. आणि जिथे कारण सगळ्यांना एकच आहे तिथे ते शेकडो वेळा लिहायला लावणेही बरोबर नाही. फेडोराने 37 व्या आवृत्तीपासून 32 बिटी इंटेलबाबत हीच मोकळीक दिली: ज्या पॅकेजला तिथे वापरणारे कुणी उरलेले नाही, ते बग न नोंदवता वगळता येते. ते कारण पूर्ण आर्किटेक्चरसाठी एकदाच, जाहीरपणे लिहिले गेले आहे.

दुसरा आक्षेप जुन्या यंत्रांचा आहे. जी चिप वर्षानुवर्षे कुणी विकत घेतलेली नाही, तिच्यासाठी सगळ्यांनी का थांबायचे? थांबू नये. लिनक्स कर्नलने 2018 मध्ये 4.17 या आवृत्तीत एकदम आठ आर्किटेक्चर काढून टाकली, आणि जानेवारी 2024 मधल्या 6.7 मधून इटॅनियमही गेले. तो कोड सांभाळायला कुणी उरले नव्हते, आणि काढण्याचा निर्णय चर्चा होऊन, नोंद होऊन झाला. असे काढून टाकणे हे नावापुरता सपोर्ट ठेवण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. त्रास होतो तो न सांगता गृहीत धरलेल्या सपोर्टचा. फेब्रुवारी 2021 मध्ये पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीच्या 3.4 आवृत्तीने बिल्डसाठी रस्ट भाषा आणली. अल्फा, एचपीची पीए-रिस्क, इटॅनियम, मोटोरोलाची 68000 मालिका यांच्यावर तेव्हा रस्ट मिळत नव्हती. तिथल्या वापरकर्त्यांना धक्का बसला, आणि लेखकांचे म्हणणे असे की या यंत्रांवर चालेल असे आम्ही कधी म्हटलेच नव्हते. दोन्ही पक्षांचे खरे होते. लेखकांनी वचन दिले नव्हते. डिस्ट्रिब्युशननी ते पॅकेज सगळीकडे चालवून दाखवले होते, म्हणून लोकांनी वचन दिल्यासारखे मानले. 3.4 मध्ये रस्टचा भाग बंद ठेवायची सोय होती, त्याच वर्षी आलेल्या 35.0 मध्ये ती गेली. रस्टच्या कंपायलरने स्वतःपुरता हा प्रश्न तीन पायऱ्या करून सोडवला आहे: पहिलीवर चालण्याची हमी, दुसरीवर बिल्ड होण्याची, तिसरीवर कोणतीच नाही. लायब्ररीसारख्या पायाभूत सॉफ्टवेअरने हे आधीच सांगितले असते तर वादाचा कडवटपणा बराच कमी झाला असता. शिवाय पायातले एक पॅकेज गेले की वरची माळच्या माळ जाते. एसव्हीजी चित्रे दाखवणारी लिबआरएसव्हीजी 2017 पासून रस्टमध्ये जाऊ लागली, तेव्हा रस्ट नसलेल्या आर्किटेक्चरवर डेस्कटॉप उभा राहावा म्हणून डेबियनला जुनी सीमधली प्रत वेगळ्या नावाने जपावी लागली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यापुढे माझ्या म्हणण्याला मर्यादा घालावी लागते. ‘आधी सगळीकडे बिल्ड करा, मोडले तरच वगळा’ असे धोरण ठेवले, तर बिल्ड होणारी पण चुकीचे उत्तर देणारी पॅकेजेस लोकांच्या हाती जातील, हा तो आक्षेप. हे खरे आहे. इंटेलचे प्रोसेसर मेमरीतल्या लिखाणाचा क्रम बराच काटेकोर पाळतात. आर्म आणि पॉवर तो सैल ठेवतात. अनेक थ्रेड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवश्यक ते बंधन घालायला लेखक विसरला असेल, तर इंटेलवर ते कधीच जाणवत नाही आणि आर्मवर लाखो वेळांतून एकदा आकडा चुकतो. कोणतीही टेस्ट ते हमखास पकडणार नाही. तसेच मेनफ्रेमवर बाइटांचा क्रम उलटा असतो; डिस्कवर लिहिलेली फाइल तिथेच वाचली तर ठीक, दुसऱ्या यंत्रावर नेली की गोंधळ. म्हणून जिथे चुकीचे उत्तर न कळता खपून जाते आणि त्याची किंमत मोठी असते, म्हणजे गुप्तलेखन, वैद्यकीय गणना, डेटाबेसचा साठा, तिथे उलटे धोरण योग्य: जिथे तपासले तिथेच द्यावे. पण मग तपासलेल्या नावांच्या शेजारी कशाने तपासले तेही लिहावे, आणि न लिहिलेल्या नावांचा अर्थ ‘तपासलेले नाही’ असाच राहू द्यावा. टेस्टचा निकालही डोळसपणे वाचायला हवा. 64 बिटी आर्मवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करतो, त्यामुळे दशांश अपूर्णांकातला शेवटचा अंक कधीकधी वेगळा येतो. शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत जुळण्याचा हट्ट धरणारी टेस्ट तिथे नापास होते. अशा वेळी सहनमर्यादा सुधारायची असते; आर्किटेक्चर वगळायचे कारण नाही.

खूण कितीही बरोबर असली तरी ती दाराला कुलूप नसावी. निक्स या पॅकेज-प्रणालीत पॅकेजची फाइल कोणते प्लॅटफॉर्म चालतात आणि कोणते वाईट आहेत हे वेगवेगळे सांगते, न चालणाऱ्या जागी बिल्ड थांबवते, आणि त्याच संदेशात कोणती सेटिंग बदलली तर स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाता येईल तेही सांगते. जेंटूतही वापरणारा आपल्या यंत्रापुरता कीवर्डचा अडसर दूर करू शकतो. ही सोय हौशी लोकांचे लाड म्हणून ठेवलेली नाही. ज्याच्याकडे ते यंत्र खरोखर आहे, तोच खूण अजून खरी आहे का हे पाहू शकतो. त्यालाच अडवले तर खूण तपासणारे कुणी उरत नाही.

आणि खुणा शिळ्या होतात. 64 बिटी आर्म डेबियनच्या अधिकृत आवृत्तीत एप्रिल 2015 मध्ये आले, तेव्हा ते यंत्र फार थोड्यांकडे होते. त्या काळात ‘तपासायला कुणी नाही’ म्हणून केलेली खूण समजण्यासारखी होती. 2018 मध्ये अॅमेझॉनने ग्रॅव्हिटॉन सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये अॅपलचे एम1 लॅपटॉप आले, आणि ज्या प्रोसेसरसाठी यंत्र मिळत नव्हते तो लाखोंच्या टेबलावर आला. उलट दिशेला, एकेकाळी सगळ्यात सुरक्षित समजले जाणारे 32 बिटी इंटेल डेबियन 13 मध्ये स्वतःच्या कर्नलशिवाय आणि इन्स्टॉलरशिवाय उरले आहे, फक्त 64 बिटी यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी. दहा वर्षांत दोन आर्किटेक्चरनी जागा बदलल्या, पण फाइलींतल्या ओळी आपोआप बदलल्या नाहीत. प्रत्येक मोठ्या आवृत्तीच्या आधी वगळलेल्या सगळ्या जोड्या यंत्रांकडून एकदा पुन्हा बिल्ड करून घेणे, पास झालेल्यांची यादी मेंटेनरांना पाठवणे, आणि कारण न लिहिलेल्या खुणांची वेगळी यादी पोर्टरांना देणे, हे आज उपलब्ध असलेल्या यंत्रांवर जमण्यासारखे काम आहे. फ्रीबीएसडीत ‘ब्रोकन’ पॅकेजेसपुरती अशी सोय आहे. ‘या आर्किटेक्चरसाठी नाही’ म्हटलेल्या पॅकेजेसवरही ती चालवायला हवी. पहिले प्रकरण त्या फेरतपासणीच्या तपशिलाने सुरू होते: कोणत्या खुणा आधी घ्यायच्या, बिल्ड पास होऊनही खूण केव्हा ठेवायची, आणि कारणाच्या ओळीत निदान कोणत्या चार गोष्टी असाव्यात.